ओतँचे सँ लाझार : एक दार आणि एक नाव

फ्रान्सच्या बर्गंडी प्रांतातील ओतँ ह्या लहानशा शहराकडे येणाऱ्या प्रवाशाला दुरूनच एक निमुळता दगडी मनोरा दिसू लागतो. सुमारे ८० मीटर उंचीचा हा मनोरा तेथील सँ लाझार चर्चचा आहे. परंतु तो मूळचा नव्हे. १४६९ साली वीज पडून जुना घंटामनोरा नष्ट झाला, तेव्हा त्या वेळचा बिशप कार्डिनल झाँ रोलँ ह्याने तो गॉथिक शैलीत नव्याने उभारविला. चर्चच्या अंगाला बिलगलेली छोटी प्रार्थनागृहेही मागाहूनच जोडलेली आहेत, आणि दर्शनी बाजूचे दोन मनोरे तर एकोणिसाव्या शतकात पारे-ल-मोनियाल येथील चर्चवरून बेतलेले. तात्पर्य, बाराव्या शतकातील ज्या रोमनेस्क वास्तूसाठी अभ्यासक ओतँची वाट धरतात, ती बाहेरून जवळजवळ दिसतच नाही. ती पाहण्यासाठी पायऱ्या चढून मंडपाखाली उभे राहावे लागते आणि दारावर पसरलेल्या अर्धवर्तुळाकार शिल्पपट्टाकडे मान वर करावी लागते. हा शिल्पपट्ट, त्यावर कोरलेले तीन शब्द आणि त्यांचे पुढे जे झाले ते, हा मध्ययुगीन कलेच्या इतिहासातील एक विलक्षण अध्याय आहे.

‘रोमनेस्क’ ही संज्ञा मध्ययुगातील नव्हे. शार्ल द झेर्व्हिल ह्या नॉर्मंडीतील पुराणवस्तू-अभ्यासकाने १८१८ साली एका पत्रात ‘रोमान’ हा शब्द ह्या अर्थी योजला आणि तेथून तो रूढ झाला. लॅटिन भाषेपासून फ्रेंच, प्रोव्हान्साल इत्यादी ‘रोमान्स’ भाषा उत्पन्न झाल्या, त्याचप्रमाणे रोमन वास्तुकलेपासून मध्ययुगातील ही भारदस्त, गोल कमानींची वास्तुकला उत्पन्न झाली, अशी त्याची कल्पना होती. अर्थात त्याच्या दृष्टीने ती उन्नती नव्हती. ती होती मूळ कलेची बिघडलेली, खेडवळ झालेली अवस्था. आपल्या वैयाकरणांच्या ‘अपभ्रंश’ ह्या शब्दात वंशावळ आणि तिरस्कार एकाच वेळी सूचित होतात. झेर्व्हिलच्या शब्दाचेही नेमके तसेच आहे. आणि अपभ्रंशाप्रमाणेच येथेही निंदेसाठी दिलेले नाव पुढे गौरवाने मिरवले गेले. वास्तुकलेच्या एका संपूर्ण कालखंडाचे नामकरण भाषाभ्यासाच्या उपमेवरून व्हावे, ही गोष्ट वाङ्मयाच्या अभ्यासकांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे.

ओतँच्या बाबतीत मात्र ही उपमा निव्वळ उपमा राहत नाही. हे शहर सम्राट ऑगस्टसच्या काळात वसवले गेले. त्याचे मूळ नावच औगुस्तोदुनुम. रोमन तटबंदीतील दोन वेशी, एका प्रशस्त नाट्यगृहाचे अवशेष आणि शहराबाहेरील एका मंदिराच्या उंच भिंती आजही उभ्या आहेत. त्यांपैकी आरू नदीच्या बाजूची वेस विशेष महत्त्वाची. गाड्यांसाठी दोन मोठ्या कमानी, पादचाऱ्यांसाठी दोन लहान, आणि वरच्या मजल्यावर कमानींची एक नाजूक ओळ, जिच्या कमानींमध्ये पन्हळीदार अर्धस्तंभ बसवलेले आहेत. बाराव्या शतकातील पाथरवट रोज ह्या वेशीखालून ये-जा करीत असले पाहिजेत. कारण सँ लाझारच्या आत गेल्यावर तेच पन्हळीदार अर्धस्तंभ खांबांच्या चारही अंगांवर भेटतात आणि मुख्य कमानींच्या वर वेशीतल्यासारखीच बुजवलेल्या कमानींची एक ओळ संपूर्ण मध्यवीथीभर फिरलेली दिसते. लॅटिन व्याकरणाची जाण असलेल्या माणसाने देशी भाषेत लिहावे, तशी ही रचना आहे.

चर्च बांधण्याचे कारण मात्र सौंदर्यदृष्टीचे नव्हते. येशूने ज्याला मरणातून उठवले त्या लाजराच्या अस्थी आपल्यापाशी आहेत, अशी ओतँची श्रद्धा होती. लाजर समुद्रमार्गे प्रोव्हान्सच्या किनाऱ्याला लागला आणि मार्सेचा पहिला बिशप झाला, अशी दंतकथा त्या काळी प्रचलित होती. ओतँच्याच धर्मप्रांतात उत्तरेस व्हेझले येथे लाजराची बहीण मानल्या गेलेल्या मग्दालिया मरीयेचे अवशेष होते आणि तेथे यात्रेकरूंची रीघ लागे. बहिणीकडे गर्दी आणि भावाकडे शुकशुकाट, ही स्थिती ओतँच्या बिशपाला रुचण्यासारखी नव्हती. त्यातच शुभवर्तमानातील लाजर नावाच्या दोन व्यक्ती, म्हणजे पुनरुज्जीवित झालेला मित्र आणि दृष्टान्तातला फोडांनी भरलेला भिकारी, लोकमानसात एकरूप होऊन गेल्या होत्या. त्यामुळे लाजर हा कुष्ठरोग्यांचाही आधार झाला. जुने सँ नाझेर हे कॅथीड्रल अपुरे पडू लागले. बिशप एत्येन द बाझे ह्याने ड्यूक दुसरा ह्यूग ह्याच्याकडून मिळालेल्या जागेवर ११२० च्या सुमारास नव्या चर्चचे काम सुरू केले. ११३० च्या दशकाच्या आरंभी पोप दुसरा इनोसंट ह्याच्या हस्ते वास्तूचे पवित्रीकरण झाले आणि ११४६ साली लाजराच्या अस्थी समारंभपूर्वक तेथे आणल्या गेल्या. शतकाच्या अखेरीस ह्याच चर्चला कॅथीड्रलचा दर्जाही मिळाला.

जुन्या कॅथीड्रलला खेटून नवी इमारत बसवायची असल्याने चर्चची वेदी पूर्वेकडे ठेवण्याचा रिवाज येथे पाळता आला नाही. इमारत जवळजवळ उत्तर-दक्षिण आहे. रचनेचा आदर्श दक्षिणेकडील क्लूनी येथून आला. १०८८ साली आरंभलेले क्लूनीच्या मठाचे तिसरे चर्च हे त्या काळातील ख्रिस्ती जगाचे सर्वांत मोठे चर्च. टोकदार कमानी, तीन थरांची भिंत, पन्हळीदार अर्धस्तंभ ही सारी सामग्री तेथे तयार होती. राज्यक्रांतीनंतर ते चर्च विकले गेले आणि दगडांच्या खाणीसारखे वापरले गेले. आज त्याच्या आडव्या बाहूचा काही भाग तेवढा शिल्लक आहे. त्यामुळे क्लूनी आतून कसे दिसत असेल ह्याची कल्पना करण्यासाठी आता ओतँला यावे लागते. नक्कल उरली आणि मूळ ग्रंथ हरवला, असा प्रकार हस्तलिखितांच्या अभ्यासकांना नवा नाही.

सात गाळ्यांच्या मध्यवीथीवर टोकदार पिंपाच्या आकाराचे दगडी छत आहे. मराठी वाचकाला कार्ल्याच्या चैत्यगृहाचे गजपृष्ठाकृती छत आठवेल. पण तेथे छत डोंगराच्या पोटातून कोरून काढलेले आहे, त्याला कोणाचा भार पेलायचा नाही. ओतँचे छत एकेक दगड रचून उभे केलेले आहे, आणि असे छत आपल्या दोन्ही बाजूंच्या भिंतींना अहोरात्र बाहेर ढकलत असते. छताला टोक दिल्याने हा रेटा कमी होतो, नाहीसा होत नाही. त्यात भिंतींच्या माथ्याशी प्रत्येक गाळ्यात एकेक खिडकी ठेवण्याचे धाडस बांधणाऱ्यांनी केले. भिंती हळूहळू बाहेर कलल्या; पुढे त्यांना बाहेरून कमानदार धिरे द्यावे लागले. खिडक्या लहान आहेत, उजेड बेताचाच येतो. तेवढ्या उजेडासाठी बांधणाऱ्यांनी भिंतींच्या आयुष्याचा जुगार खेळला, असे म्हटले तर ते अतिशयोक्तीचे होऊ नये.

आता दाराकडे वळावे. तळाशी सहा मीटरांहून अधिक रुंद असलेल्या अर्धवर्तुळात अंतिम न्यायाचा दिवस कोरलेला आहे. मध्यभागी बदामाकृती प्रभावळीत बसलेला ख्रिस्त सर्वांहून प्रचंड, सपाट, समोरासमोर, दोन्ही हात पसरलेला. त्याच्या मुद्रेत क्रोध नाही आणि करुणाही नाही. निवाडा झालेलाच आहे, तो आता केवळ घडत आहे. प्रभावळीच्या कडेवर लॅटिन अक्षरे आहेत. सर्व व्यवस्था मी एकटाच लावतो, योग्यांना मुकुट देतो आणि अपराध्यांना शिक्षेने जखडतो, असा त्यांचा आशय. खाली ललाटपट्टीवर मृतात्मे थडग्यांतून उठत आहेत. पाहणाऱ्याच्या डाव्या बाजूला पुण्यवंत आहेत. त्यांत दोन यात्रेकरूही दिसतात. एकाच्या झोळीवर क्रूस आहे, म्हणजे तो जेरुसलेमला जाऊन आला. दुसऱ्याच्या झोळीवर शिंपला आहे, म्हणजे तो स्पेनमधील सांतियागोचा वारकरी. दारापुढे उभ्या असलेल्या यात्रेकरूला आपली झोळी दगडात ओळखू येत असणार. पट्टीच्या मधोमध एक देवदूत तलवार उगारून दोन्ही बाजूंची ताटातूट करतो, आणि तेथून पुढे सारी शरीरे वाकडी होऊ लागतात. गळ्यात थैली अडकवलेला कृपण, स्तनांना साप डसत असलेली स्त्री, आणि एक असा माणूस की ज्याचे डोके वरून आलेल्या दोन अवाढव्य पंजांनी चिमट्यात धरल्यासारखे धरले आहे. ते पंजे कोणाचे हे दिसत नाही. शरीर दाखवलेलेच नाही. आणि त्यामुळेच ते दृश्य विसरता येत नाही.

त्याच्या वर आत्म्यांच्या तुलेचा प्रसंग आहे. एका बाजूला दूतश्रेष्ठ मिखाएल, दुसऱ्या बाजूला हाडाडलेले, जबडा वासलेले सैतान. तराजूला दोन्ही पक्षांचे हात लागलेले आहेत, ही बाब शिल्पकाराने लपवलेली नाही. मिखाएलच्या झग्याच्या घोळात दोन चिमुकले आत्मे आईच्या पदराआड दडावे तसे दडले आहेत. देवदूतांची शरीरे मापाबाहेर उंच, जवळजवळ वाऱ्यावर ताणलेली. वस्त्रांच्या चुण्या पाण्यावरील तरंगांसारख्या बारीक. शरीरशास्त्राच्या कसोटीला ह्यांतले एकही शरीर उतरणार नाही. त्या कसोटीचा काळ अद्याप यायचा होता, आणि तो आला तेव्हा ह्या दाराची धडगत नव्हती. परंतु ह्या कलेला आक्षेप तिच्या स्वतःच्या काळातही होताच. ११२५ च्या सुमारास क्लेर्व्होचा बर्नार्ड ह्याने एका पत्ररूप ग्रंथात मठांमधील अशा चित्रविचित्र शिल्पांवर कडाडून टीका केली. ही आकर्षणे इतकी आहेत, की लोक ग्रंथांऐवजी संगमरवरच वाचीत बसतील, अशी त्याची तक्रार होती. त्याच्या संप्रदायाचे फाँतने येथील चर्च, जे ११४७ साली पवित्र करण्यात आले, ह्याच बर्गंडीत आहे. त्यात एकही कथाशिल्प नाही. बर्नार्डची टीका वाचताना मात्र शंका येते, की त्या शिल्पांकडे इतके निरखून पाहणारा दुसरा समकालीन सापडणे कठीण. चांगला विरोधी समीक्षक असाच असतो.

ख्रिस्ताच्या पायांखाली, ललाटपट्टीच्या वरच्या कडेवर, अगदी मधोमध, तीन शब्द आहेत : ‘गिस्लेबेर्तुस होक फेकित’. गिस्लेबेर्तुसने हे केले. त्याच्याविषयी वास्तू ह्याहून अधिक काही सांगत नाही.

साडेसहा शतके हे शब्द तेथे होते. १७६६ साली कॅथीड्रलच्या धर्माधिकाऱ्यांनी ठरवले, की हे शिल्प ओबडधोबड आहे, आणि सुसंस्कृत काळाला ते शोभत नाही. ते फोडून टाकण्याऐवजी त्यांनी त्यावर गिलावा चढवला. ख्रिस्ताचे मस्तक गिलाव्याच्या बाहेर येत होते, म्हणून ते उडवण्यात आले. दाराच्या मधल्या खांबावरील लाजराची मूर्ती काढली गेली. उत्तरेकडील दारावर लाजराच्या पुनरुत्थानाचे शिल्प होते, ते तर समूळ गेले. चर्चच्या आत लाजराची समाधी होती, छोट्या चर्चच्याच आकाराची. तीही ह्याच लाटेत मोडली गेली. तिच्यातील आंद्रिया, मार्था आणि मग्दालिया ह्यांच्या उभ्या मूर्ती तेवढ्या वाचल्या. हे सारे कोणा परकीय आक्रमकाने वा धर्मद्वेष्ट्याने केलेले नाही. ते केले ह्याच चर्चमध्ये रोज उपासना करणाऱ्या, लॅटिन वाचू शकणाऱ्या, आपल्या रुचीविषयी निःशंक असलेल्या माणसांनी.

आणि त्यांच्या ह्या तिरस्कारानेच दार वाचवले. क्रांती आली तेव्हा ओतँचा बिशप होता तालेराँ. आपल्या धर्मप्रांतात त्याने फार थोडे दिवस काढले. चर्चची मालमत्ता राष्ट्राच्या ताब्यात द्यावी, हा प्रस्ताव ऑक्टोबर १७८९ मध्ये राष्ट्रसभेपुढे ठेवणारा तोच. पुढील चार-पाच वर्षांत फ्रान्समधील असंख्य चर्चांच्या दारांवरील मूर्तींची मस्तके उडाली. पॅरिसच्या नोत्र दामवरील राजांच्या मूर्ती १७९३ साली खाली आल्या. व्हेझलेच्या दर्शनी शिल्पालाही त्याच धामधुमीत इजा झाली. ओतँच्या दारावर हातोडा चालवण्यासारखे काही उरलेलेच नव्हते. तेथे फक्त एक कोरा गिलावा होता. गिलावा चढवणाऱ्यांना संरक्षणाचे श्रेय देता येत नाही, पण परिणाम नाकारताही येत नाही.

१८३७ साली आबे दव्हूकू ह्या स्थानिक धर्मगुरूने गिलावा काढविला. एकाहत्तर वर्षांनी शिल्प उजेडात आले, परंतु ख्रिस्त शिरविहीन होता, आणि आणखी एकशे अकरा वर्षे तो तसाच राहिला. त्याचे मस्तक खुद्द ओतँच्या वस्तुसंग्रहालयात होते. ते ह्या दाराचे आहे हे आबे ग्रिव्हो ह्याने ओळखले, आणि १९४८ साली ते मूळ जागी बसवले गेले. आज त्या मुद्रेतील जी अलिप्तता पाहून भाविक आणि समीक्षक दोघेही थबकतात, ती ह्या मधल्या काळातील कोणाही वर्णनकाराला दारावर दिसलेलीच नव्हती. त्या काळात ह्या शिल्पाविषयी जे लिहिले गेले, ते केंद्रस्थानी पोकळी असलेल्या कलाकृतीविषयी लिहिले गेले, हे ध्यानात घेऊनच ते वाचावयास हवे.

उत्तर दाराच्या ललाटपट्टीची कथा ह्याहून चमत्कारिक आहे. त्या पट्टीवर आदाम आणि हव्वा होते. पट्टी मोडल्यावर तिचे दगड गावातील घरबांधणीला गेले. १८५६ साली असे एक घर पाडताना हव्वा सापडली. आता ती म्यूझे रोलँच्या संग्रहात आहे. सव्वा मीटरभर लांबीच्या त्या दगडात ती आडवी आहे. गुडघा आणि कोपर टेकून जणू झाडोऱ्यातून सरकत आहे. एक हात मागे गेला आहे आणि तो न पाहताच फळ खुडतो आहे. ती फांदी वाकवून पुढे करणारा सैतानाचा पंजा तेवढा एका टोकाला दिसतो. दुसरा हात गालाशी. विवस्त्र स्त्रीदेह एवढ्या मोठ्या आकारात आणि एवढ्या हळुवारपणे कोरण्याचे त्या काळी फारसे कोणाच्या मनात येत नसे. गालाशी नेलेल्या हाताचा अर्थ काय, ह्यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. ती पलीकडच्या आदामाच्या कानी लागते आहे, असे काहींना वाटते. काहींच्या मते ती शोकाची, पश्चात्तापाची खूण आहे. हे दार पापक्षालनासाठी येणाऱ्यांचे होते आणि हव्वेची सरपटती अवस्था ही प्रायश्चित्त घेणाऱ्यांचीच अवस्था आहे. मोह आणि पश्चात्ताप ह्या दोन क्षणांपैकी एक निवडलाच पाहिजे, असा आग्रह दगड धरीत नाही. डोळे तिचे दूर कोठेतरी लागलेले आहेत आणि खुडणाऱ्या हाताची त्यांना वार्ताही नाही.

स्तंभशीर्षांचेही स्थलांतर झाले. एकोणिसाव्या शतकात मनोऱ्याच्या भाराने मधले खांब धोक्यात आले. व्हिओले-ल-द्यूक ह्याच्यासारख्यांच्या देखरेखीखाली दुरुस्तीचे मोठे काम निघाले आणि काही मूळ स्तंभशीर्षे उतरवून त्यांच्या जागी प्रतिकृती बसवण्यात आल्या. मूळ शिल्पे आता वरच्या एका दालनात डोळ्यांच्या पातळीवर मांडलेली आहेत. त्यांत तीन मागी राजे मुकुट घालूनच एका गोल पांघरुणाखाली झोपले आहेत. देवदूत त्यांच्यापैकी एकाच्या हाताला केवळ बोटाच्या अग्राने स्पर्श करतो आणि दुसऱ्या हाताने तारा दाखवतो. त्या एकाचेच डोळे उघडलेले. फाशी घेतलेल्या यहूदाची दोरी दोन सैतान मोठ्या मन लावून ओढत आहेत. ही शिल्पे मुळात कित्येक मीटर उंचीवर, अंधूक उजेडात होती. आज ती जितकी स्पष्ट दिसतात तितकी ती बाराव्या शतकातील एकाही भाविकाला दिसली नसतील, आणि पांघरुणाच्या चुण्यांचे आपण जे रसग्रहण करतो ते बरेचसे ह्या दालनाचे देणे आहे.

अशा रीतीने मस्तक, हव्वा आणि स्तंभशीर्षे एकेक करून हाती आल्यावर त्यांना जोडणारा कोणी हवा होता. १९६० साली आबे देनी ग्रिव्हो आणि जॉर्ज झार्नेकी ह्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याचे शीर्षकच ‘ओतँचा शिल्पकार गिस्लेबेर्तुस’ असे होते. दारावरील तीन शब्द ही शिल्पकाराची स्वाक्षरी. क्लूनीला शिकलेला आणि व्हेझलेला काही काळ राबलेला हा कलावंत. ओतँमधील जवळजवळ सर्व शिल्प ११२५ ते ११३५ ह्या सुमारास त्याने एकहाती कोरले. अशी त्यांची मांडणी. ती करताना त्यांनी जे सूक्ष्म निरीक्षण केले आहे, त्याचे मोल आजही कमी झालेले नाही. पण मध्ययुग म्हणजे अनामिकांचे युग, ह्या समजुतीला कंटाळलेल्या वाचकवर्गाला ह्या ग्रंथाने एक नायक दिला, हेही खरे. नाव असलेला, वाढ असलेला, शैली असलेला प्रतिभावंत. पुढील तीन-चार दशके कलेतिहासाच्या पुस्तकांतून गिस्लेबेर्तुस हा मिकेलांजेलोच्या थाटात वावरला.

१९९९ साली लिंडा सायडेल ह्यांनी ‘लेजेंड्स इन लाइमस्टोन’ ह्या ग्रंथात ह्या नायकालाच आव्हान दिले. शिल्पकाराने आपले नाव देवाच्या पायाशी, इतक्या ठळक अक्षरांत, अशा अधिकाराने कोरावे, हे त्यांना संभवनीय वाटत नाही. त्यांच्या मते गिस्लेबेर्तुस हा दहाव्या शतकातील बर्गंडीचा अधिपती असावा. लाजराच्या अस्थी ओतँला येण्याशी त्याचे नाव जोडून दाखवावे, आणि नव्या चर्चच्या दाव्याला जुन्या राजसत्तेचा दाखला मिळावा, हा ह्या लेखाचा हेतू. म्हणजे ‘केले’ ह्याचा अर्थ येथे ‘घडवले’ असा न घेता ‘घडवविले’ असा घ्यावयाचा. ‘फेकित’ हे क्रियापद मध्ययुगीन लॅटिनमध्ये दोन्ही अर्थी चालते.

ह्या वादात मराठी वाचकाला एक अनपेक्षित सोय उपलब्ध आहे. श्रवणबेळगोळ येथील गोमटेश्वराच्या पायाशी मराठीच्या आद्य लेखांत गणला जाणारा जो कोरीव लेख आहे, त्यात चामुंडरायाने आणि गंगराजाने केलेल्या कामांचा उल्लेख ‘करवियलें’ ह्या प्रयोजक रूपाने येतो. त्यांपैकी गंगराजाच्या सभोवारच्या ओवऱ्यांचे काम बाराव्या शतकाच्या पूर्वार्धातले, म्हणजे ओतँचे चर्च उभे राहत होते त्याच सुमाराचे. तेथेही नाव मूर्तीच्या पायाशीच आहे; पण छिन्नी कोणाच्या हातात होती ह्याविषयी संदेह उरत नाही, कारण ती राजपुरुषांच्या हातात नव्हती हे क्रियापदच सांगते. मूर्तिकाराचे नाव त्या लेखात नाही. ओतँच्या लेखकाला असे प्रयोजक रूप सहज सुचले नसावे, किंवा त्याला त्याची गरज भासली नसावी. आणि एका प्रत्ययाच्या अभावी गिस्लेबेर्तुस कधी शिल्पकार तर कधी सरदार ठरतो.

सायडेल ह्यांचा पक्ष सर्वांना मान्य झालेला नाही. बाराव्या शतकातील शिल्पकार आपली नावे कोरीत असत ह्याचे पुरावे इतरत्र आहेत, आणि एक तर ह्याच चर्चमध्ये होता. लाजराच्या मोडलेल्या समाधीवर मार्तीन नावाच्या मठवाशाचे नाव होते, आणि त्याने हे काम दगडात कोरले असे तेथे निःसंदिग्धपणे म्हटले होते. येथे ‘कोरले’ ह्या अर्थाचे क्रियापद होते, ‘केले’ नव्हे. मार्तीनविषयी कोणाला वाद घालावासा वाटत नाही. त्याची समाधी १७६६ मध्ये गेली, तीन मूर्ती उरल्या, आणि बाराव्या शतकाच्या शिल्पाचा कोणताही लोकप्रिय इतिहास त्याच्या नावाने लिहिला गेला नाही. मार्था नाकाला वस्त्र लावून उभी आहे, कारण भाऊ चार दिवस थडग्यात होता. ही मूर्ती गिस्लेबेर्तुसच्या कोणत्याही देवदूताइतकीच सामर्थ्यशाली आहे, हे मान्य करावयास हवे. तिला नाव लाभले, पण दार लाभले नाही.

दारावरील सारे काम एका हाताचे की अनेक हातांचे, हा प्रश्न सायडेल ह्यांचे मत बाजूला ठेवले तरी शिल्लक राहतोच. स्तंभशीर्षांतील काही निश्चितपणे दुय्यम हातांची आहेत, हे ग्रिव्हो आणि झार्नेकी ह्यांनीही मान्य केले होते. प्रश्न रेषा कोठे ओढायची एवढाच आहे. ती रेषा ओढताना समीक्षकाला जे शिल्प अधिक आवडते ते गिस्लेबेर्तुसचे ठरते आणि जे कमी आवडते ते त्याच्या साहाय्यकाचे, असे पुष्कळदा घडले आहे. जुन्या कवींच्या नावावरील पदांतून प्रक्षिप्त भाग वेगळा काढताना आपल्याकडील संपादकांनीही ह्याहून फार वेगळे काही केलेले नाही.

हव्वेची शिळा हा ह्या चर्चेतील सर्वांत नाजूक पुरावा. तिच्यावर नाव नाही. ती सापडली तेव्हा ज्या चर्चमधून ती आली तेथील तिचे दार अस्तित्वात नव्हते. पंधराव्या शतकातील लेखी वर्णनावरून त्या दारावर काय होते हे कळते, आणि तिची जागा निश्चित होते. कान आणि केस कोरण्याची लकब, बोटांची लांबी आणि पानांची घडण पाहून ती मुख्य दाराच्या शिल्पकाराची मानली जाते, आणि हे मत बहुतेकांना पटते. तिच्या समोर, त्याच पट्टीवर, तितकाच लांब दुसरा देह होता. ती ज्याच्याशी बोलते आहे, किंवा ज्याच्यापासून तोंड फिरवते आहे, तो आदाम मात्र हरवलेला आहे.